लहान ते तुमचं

मोनाली बिरंजेच्या पोटात भाडेकरू राहायला आला, तेव्हा इचलकरंजीतल्या तिच्या गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. गल्लीतल्या तीन-चार बायकांनी तिच्या आधी असे भाडेकरू ठेवले होते, वाढवले होते आणि ज्याचे त्याला परत देऊन टाकले होते. सरकारी भाषेत त्याला यकृत-अंकुर म्हणत आणि बाईला अंकुरधारक. एवढं जड नाव तोंडात कोण घोळवणार? यंत्रमागाच्या कांड्या भरायच्या मशीनवर मोनालीच्या शेजारी बसणाऱ्या बायका विचारायच्या, "काय गं, भाडेकरू काय म्हणतोय?" मोनाली सांगायची, "गप पडून असतोय बिचारा. नुस्ता खातोय."

सगळ्या हसायच्या. तीही हसायची. पण बेंबीच्या डाव्या अंगाला, कातडीखाली, कोमट आणि घट्ट असं काहीतरी होतं, आणि तिथं चुकून हात लागला की तिचं हसू जागच्या जागी थांबायचं. पोर पोटात असली की हलते, लाथ मारते, आईला आपली खबर देते. हे तसलं काही करत नव्हतं. हे नुसतं होतं, आणि रोज थोडं जास्त होतं.

भानगड अशी होती. माणसाचं यकृत निकामी झालं, तर त्याच्याच कातडीच्या पेशींपासून नवं यकृत उगवायची युक्ती शास्त्रज्ञांना सापडली होती. स्वतःच्याच पेशी, म्हणजे शरीर ते परकं म्हणून झिडकारणार नाही. जन्मभराची औषधं नकोत, कुणाच्या मरणाची वाट बघत बसणं नको. अडचण एकच होती. काचेच्या भांड्यात हा अंकुर हरभऱ्याएवढा व्हायचा आणि थांबायचा. पुढं वाढायला त्याला आतड्याकडून अन्नरस घेऊन येणारं जितंजागतं रक्त लागायचं, आणि ते कुठल्याच यंत्राला जमेना. आजाऱ्याच्या स्वतःच्या पोटात लावावा, तर तिथलं रक्त आधीच नासलेलं. अंकुर तिथं तग धरेना. मग असं ठरलं, की पेशींवरच्या ओळखीच्या खुणा तात्पुरत्या झाकायच्या, हा हरभरा दुसऱ्या निरोगी माणसाच्या आतड्याजवळच्या एका गाठीत पेरायचा, आठ महिने वाढू द्यायचा आणि तयार झाला की काढून धन्याच्या पोटात बसवायचा. शोध मोठाच होता, हजारो माणसं त्यानं वाचली. फक्त ते दुसरं निरोगी माणूस कोण, हे कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही पडली नाही. ते आपोआप ठरलं.

मोनालीनं हे हौसेनं केलं नव्हतं. तिची नऊ वर्षांची ईश्वरी जन्मापासून यकृताची आजारी. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातापायांच्या काटक्या. मोनालीचा रक्तगट लेकीशी जुळत नव्हता आणि सुरतेला मागावर कामाला असलेल्या नवऱ्याचाही नाही, त्यामुळे आपल्यातला तुकडा काढून देण्याची सोय नव्हती. विकतचा अंकुर त्यांच्यासारख्यांच्या सात पिढ्यांच्या आवाक्यातला नव्हता. पण शहराबाहेर माळावर एक मोठं इस्पितळ होतं आणि तिथं 'एकास एक' नावाची योजना होती. पैसेवाल्या रुग्णाचा अंकुर आधी वाढवून द्या, मग तुमच्या माणसाचा अंकुर इस्पितळ फुकट तयार करून देईल. तो वाढवायचा मात्र तुमचा तुम्ही. म्हणजे आधी परक्याचं आणि मग लेकीचं. मोनालीनं दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही.

परकं म्हणजे सांगलीच्या वसुंधराबाई पाटणकर. हळद आणि बेदाणा ठेवायच्या मोठमोठ्या शीतगृहांच्या मालकीण. त्या स्वतः अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून महिन्याच्या महिन्याला त्यांची सून मानसी यायची. रोज सकाळी पोहायला जाणारी, ताठ पाठीची, गालांवर तकाकी असलेली बाई. पहिल्यांदा आली तेव्हा पत्र्याच्या खुर्चीवर अवघडून बसली होती. हळूहळू चहा घेऊ लागली, ईश्वरीला चित्रांची पुस्तकं आणू लागली. मोनालीला ती 'मोनालीताई' म्हणायची आणि मोनाली तिला 'वैनी'. एकदा तिनं भीत भीत मोनालीच्या पोटाला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. मोनालीला ती मनापासून आवडायची. श्रीमंतांच्यात असंही माणूस असतं, असं ती गल्लीत सांगायची.

इस्पितळाकडून रोजची पौष्टिक पाकिटं यायची. अंकुरधारकानं ती स्वतःच खायची, असा दंडक होता. आता घरात हडकलेली पोर समोर बसलेली असताना दुधाची भुकटी आणि बदामाचा लाडू कुठल्या आईच्या घशाखाली उतरेल? पाकिटं पहिल्या दिवसापासून ईश्वरीच्या पोटात गेली. मोनाली सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलं असेल ते खायची. तिची आई तशीच जेवायची, सासूही तशीच. त्यात काही विशेष आहे, असं तिला कुणी म्हटलं असतं तर ती बघतच राहिली असती.

सातव्या महिन्यात नवरात्र आलं. सासूला, शालनबाईला, मोनाली आत्ती म्हणायची. आत्ती म्हणाली, "पोरी, आंबाबाईला सांकडं घाल. त्या सांगलीच्या बाईचं चांगलं झालं तरच आपल्या ईश्वरीचा नंबर लागणार. येंदा नऊ दिवस कडक धर."

"धरते की आत्ती. त्यात काय."

आणि तिनं धरला. दोन वेळचा चहा आणि पाणी, बाकी काही नाही. परक्या बाईच्या यकृतासाठी कांडीवाल्या बाईनं नऊ दिवस उपाशी राहावं, हे ऐकून हसू यावं की रडू, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मोनालीच्या मनात मात्र दुसरं काही नव्हतं. घटाच्या मातीतलं धान्य नवव्या दिवशी वीतभर वर आलं, ते बघून तिला बरं वाटलं. आपल्या पोटातलंही असंच तरारून आलं असेल, असं ती आत्तीला म्हणाली.

ते खरंच तसं आलं होतं.

दसरा झाल्यावर शेवटच्या तपासणीला ती इस्पितळात गेली. डॉ. निलोफर मुजावर तिला पहिल्यापासून बघायच्या. बोलक्या होत्या, तपासता तपासता ईश्वरीच्या शाळेची चौकशी करायच्या. त्या दिवशी पोटावरून यंत्र फिरवता फिरवता त्या एकाएकी गप्प झाल्या. पडदा मोनालीच्या बाजूला वळलेला होता. त्यावर दोन करड्या सावल्या दिसत होत्या. एक थोरली, भरदार, कडा गोल असलेली. दुसरी बाजूला आकसून बसलेली, मूठभर.

"ते लहान त्यांचं व्हय?" मोनालीनं घाबरून विचारलं. "वाढलं न्हाई का नीट? मी तर उपास बी धरला होता."

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. "त्यांचं छान वाढलंय मोनाली. मोठं आहे ते त्यांचं." मग त्या थांबल्या. "लहान ते तुमचं."

मोनालीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या तळपायांतली ऊब निघून गेली.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजेल असं सांगितलं. शरीराला एकूण यकृत किती हवं, हे शरीराला पक्कं ठाऊक असतं. अर्धं कापून काढलं तरी ते पुन्हा तेवढं वाढवतं, आणि बाहेरून जास्तीचं आलं तर असलेलं आटवतं. अंकुर वाढला, की मूळ यकृत थोडं मागं सरतंच. अंकुर काढला, की ते पुन्हा भरून येतं.

"परदेशात ज्यांच्यावर प्रयोग झाले ना, ती सगळी पोटभर जेवणारी माणसं होती," त्या म्हणाल्या. "त्यांचं दीड महिन्यात पहिल्यासारखं झालं. म्हणून पुस्तकात लिहिलं, धोका नाही. पण असं बघा, एका ताटात दोघं जेवायला बसलीत. एक तरणंबांड आणि एक दमलेलं. ताट भरलेलं असेल तर दोघांचं भागतं. ताटच रिकामं असलं तर दमलेलं मागं राहतं. तुम्ही पाकिटं खात होता ना?"

"व्हय," मोनाली म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "न्हाई."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मोनालीला जरा बरं वाटलं असतं. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "पाकिटं पोचली का आणि अंकुर वाढतोय का, एवढंच मी बघत राहिले."

"मग आता वो?"

"आता काढलं, तर एवढ्याशा यकृतावर तुम्हाला काही आठवडे काढावे लागतील. निभावेल किंवा निभावणार नाही. मी खोटं सांगणार नाही, दोन्ही सारखंच शक्य आहे. आणि ते आत आहे तोवर तुमचं काही केल्या वाढायचं नाही, आता कितीही खाल्लंत तरी. ते तसंच राहू दिलं तर तुम्ही त्याच्यावर जगाल. कायदा तुमच्या बाजूनं आहे. ऑपरेशनच्या आधी अधिकारी तुम्हाला समोर बसवून विचारतो. तुम्ही स्वतः हो म्हटल्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही."

"आणि वसुंधराबाई?"

"त्यांच्याकडे फार तर पंधरवडा आहे."

"आणि माझी ईश्वरी?"

"त्यांचं त्यांना मिळालं, तरच योजनेतून तिचा अंकुर. तो तयार करून गोठवून ठेवलाय. पण मोनाली, तुमच्या पोटात दुसरा अंकुर आता कधीच लावता येणार नाही. दुसरं कुणीतरी बघा. धडधाकट, नीट खातंपितं माणूस पाहिजे."

बसमधून घरी येताना मोनाली मनातल्या मनात गल्लीतलं एकेक दार वाजवून आली. हिचं रक्त कमी, तिची दोन बाळंतपणं लागोपाठची, तिसरी आधीच भाडेकरू ठेवून बसलेली. माहेरची बहीण ऊसतोडीला. खातंपितं, धडधाकट माणूस तिच्या सबंध गोतावळ्यात एकही नव्हतं. तिच्या पोटातलं ते कोमट ओझं बसच्या प्रत्येक खड्ड्यात जाणवत होतं, आणि आज पहिल्यांदा तिला त्याची किळस नाही, भीती वाटली. ते तिला खात होतं आणि तेच तिला जगवतही होतं. ते काढायचं म्हटलं तर आपलं मरण, ठेवायचं म्हटलं तर लेकीचं मरण.

आत्तीनं सगळं ऐकलं आणि छातीवर हात आपटून घेतला. "मीच तुला उपास धरायला लावला गं बाई! माझ्यात लावा म्हणावं पोरीचं. म्हातारीचं काय व्हायचं ते हूं दे." मोनालीनं नुसतं तिच्या काडीसारख्या दंडाकडं बघितलं. ईश्वरी कोपऱ्यात चित्र रंगवत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आई, माझं कधी पेरणार?"

"पेरणार की," मोनाली म्हणाली, आणि मोरीत जाऊन तोंडात पदराचा बोळा धरून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानसी आली. इस्पितळानं पाटणकरांना एवढंच कळवलं होतं, की यकृत तयार आहे पण धारकाची संमती अजून नाही. ती आली तीच हात जोडत. "मोनालीताई, काय झालं? काही कमी पडलं का आमचं? आईंना आता माणसं ओळखू येईनाशी झालीत."

मोनालीनं तिला सगळं सांगितलं. थोरल्या सावलीचं आणि मूठभर सावलीचं. मानसीचा चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली. "असं होतं? मला हे... देवा, मी केलं असतं तर..." आणि तिनं ओठ चावले.

"तुम्ही काय केलं असतं वैनी?"

मानसीनं सांगून टाकलं. कायद्यानं आधी घरच्यांना विचारावं लागतं. तिची तपासणी झाली होती आणि ती उत्तम बसत होती. डॉक्टर म्हणाले होते, अशी तब्येत शंभरात एखादीची. पण घरचे म्हणाले, अजून मूल व्हायचंय, घरच्या सुनेच्या पोटाशी कशाला खेळ? बाहेर माणसं मिळतात की.

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मला सुटल्यासारखं वाटलं," मानसी म्हणाली आणि रडायला लागली. "खोटं कशाला सांगू? मी इथं यायचे ना दर महिन्याला, ते त्याचसाठी यायचे."

मोनालीच्या अंगाची लाहीलाही झाली. एवढे महिने जिला ती माणुसकी समजत होती, ती ही होती तर. "म्हंजे तुमचं पोट घरचं आणि माझं भाड्याचं," ती म्हणाली. "तुमच्या सासूचं तुमच्या पोटात वाढलं असतं तर तुमचा केससुद्धा वाकडा झाला नसता. दीड महिन्यात पोहायला गेला असता."

बाहेर मागांची खडखड चालू होती. त्या खडखडीत मोनालीला एक विचार सुचला, आणि तो इतका सरळ होता की तिला त्याचीच भीती वाटली.

"वैनी," ती म्हणाली, "ईश्वरीचं तुम्ही वाढवा."

"काय?"

"धडधाकट, नीट खातंपितं माणूस पाहिजे म्हणाल्या डॉक्टर. मी सगळी गल्ली हुडकली. असं एकच माणूस माझ्या वळखीचं हाय. पोरीचं तुमच्या पोटात पेरू द्या. ते पेरलं की मी हो म्हणते, त्याच्या आधी न्हाई."

मानसी खुर्चीत मागं सरकली. तिचा हात आपसूक पोटाकडं गेला. "मोनालीताई, मला... ते आतमध्ये आठ महिने... मला नाही जमणार हो. मला भीती वाटते."

"मला काय गोड वाटलं व्हय?"

मानसी चहा न घेताच गेली. तिची गाडी कोपऱ्यावरून वळली, तशी मोनाली भानावर आली. आपण काय करून बसलो? मोठ्या लोकांना अडवून धरलं. उद्या योजनेतून नाव काढलं तर? पोलिस आणले तर? तिनं दाराला कडी लावली आणि ईश्वरीला कुशीत घेऊन बसून राहिली.

पोलिस आले नाहीत, मानसीच आली. डोळे सुजलेले. पाटणकरांच्या घरात रणकंदन झालं होतं. नवरा म्हणाला, दुसरी बाई शोधू. डॉक्टर म्हणाले, शोधा, पण नवा अंकुर वाढायला आठ महिने आणि तुमच्याकडे उरलेत बारा दिवस. तेव्हा कुठं घर तयार झालं. ते दयेनं झालं नाही, भीतीनं झालं. पण मोनालीला आता दया की भीती हे निवडत बसायला सवड नव्हती.

पाटणकरांनीच तसं लिहून दिलं, म्हणून इस्पितळानंही योजनेचा क्रम उलटा करायला हरकत घेतली नाही. ईश्वरीचा हरभऱ्याएवढा अंकुर मानसीच्या पोटात लावायला फार वेळ लागला नाही. डॉ. मुजावरांनी मोनालीला पडद्यावर तो दाखवला. भरल्या अंगातल्या, रक्तानं गच्च वाहणाऱ्या त्या जागेत एक ठिपका. "पकडलंय त्यानं," डॉक्टर म्हणाल्या. मोनालीनं काचेवर बोट टेकवलं आणि किती तरी दिवसांनी तिला श्वास पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्ट्रेचरवर घेतलं. आत्ती आणि ईश्वरी बाहेरच्या बाकावर होत्या. ईश्वरीला एवढंच सांगितलं होतं, की आई त्या आजीचं परत द्यायला चालली आहे. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी अधिकारी कॅमेरा घेऊन उभा होता. तेवढ्यात मानसी भिंतीला धरत धरत आली. रात्रभर जागी दिसत होती.

"मोनालीताई, आतमध्ये कोमट वाटतं. असं वाटतं का?"

"वाटतं."

"मला फार भीती वाटतेय. रात्री दोनदा वाटलं, जाऊन सांगावं, काढून टाका म्हणून."

हे मोनालीच्या डोक्यातच आलं नव्हतं. जो कायदा तिच्या बाजूनं होता, तोच मानसीच्याही बाजूनं होता. मानसी आज, उद्या, सहाव्या महिन्यात, केव्हाही नको म्हणू शकत होती. आणि थोड्याच वेळात मोनालीच्या पोटात तर अडवून धरण्यासारखं काहीही उरणार नव्हतं. ती कदाचित स्वतःही उरणार नव्हती. मग ईश्वरीसाठी या बाईच्या दारात कोण जाऊन बसणार होतं?

"आणि मग का न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मानसी म्हणाली. "उद्याचंही माहीत नाही. मी शपथ घेतली तर तुम्हाला खरी वाटेल का?"

"न्हाई."

मानसीनं मान हलवली. ती गेली नाही, स्ट्रेचरच्या दांडीला धरून तशीच उभी राहिली. तिचा दुसरा हात पोटावर होता. तो ते जपायला होता की ढकलायला, ते मोनालीला ओळखता येईना. तिनं किती तरी वेळ त्या हाताकडं बघितलं.

अधिकाऱ्यानं घसा साफ केला. "मोनाली बिरंजे, हा अंकुर काढून घ्यायला तुमची संमती आहे का? अजूनही नाही म्हणू शकता."

बाकावरून ईश्वरी मान उंच करून बघत होती. पुन्हा विचारावं लागू नये, म्हणून मोनालीनं मोठ्यानं सांगितलं, "व्हय. हाय."